अँटीव्हायरस विंडोजलाच अडवतो तेव्हा

जून उजाडून आजऱ्यात पावसानं जोर धरला की लाईटीचं जाणं-येणं सुरू होतं, आणि नेमकी त्याच दिवसांत सेवा केंद्रांत दाखल्यांची रांग लागते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमीलेअर, कुणाला पीक कर्जासाठी सातबारा. ऐन गर्दीत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उघडते: ‘धोका सापडला. फाइल एसव्हीसीहोस्ट. क्वारंटाइन केली.’ पाठोपाठ प्रिंटर गप्प होतो, नेट जातं, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि मग रीस्टार्टच होत राहतं. रांगेतला एक जण म्हणतो, ‘व्हायरस शिरलाय.’ दुसऱ्याकडं इलाज तयार असतो, ‘फॉरमॅट मारा की.’

फॉरमॅट मारायची ही घाई आपल्याकडं फार. त्यात अर्धा दिवस जातो, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर नव्यानं शोधावे लागतात, टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर होता की डी ड्राइव्हला यावर वाद होतो. एवढं करून पुन्हा तोच अँटीव्हायरस घातला, त्यानं तीच अपडेट घेतली, तर तो तीच फाइल पुन्हा पकडतो. दुखणं फाइलीत नसून पकडणाऱ्यात असेल तर फॉरमॅटनं काय साधलं? म्हणून आधी एवढंच ठरवायचं, की खोटं कोण बोलतंय: फाइल की अँटीव्हायरस? हे बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत ठरतं, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यावर अवलंबून असते.

चोर सोडून संन्याशाला फाशी

अँटीव्हायरस खुद्द विंडोजच्या फाइलीला चोर ठरवतो, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पण नावाजलेल्या कंपन्यांकडून हे वारंवार झालेलं आहे. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या नॉर्टननं चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन मूळ फाइली ट्रोजन समजून उचलल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीनं यूजर३२ या फाइलीला बँक-चोर ठरवलं. ती फाइल गेली की विंडोज सुरूच होत नाही.

सगळ्यात बोलका प्रसंग २१ एप्रिल २०१० चा. त्या दिवशी मॅकॅफीची ५९५८ क्रमांकाची अपडेट बाहेर पडली. वेकॉर्ल नावाचा एक व्हायरस एसव्हीसीहोस्ट या फाइलीत शिरतो, त्याला पकडण्यासाठी ती लिहिली होती. पण तिनं विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली धडधाकट एसव्हीसीहोस्टच धरली. मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली आणि नेटवर्क तुटलं. नेटवर्कच तुटल्यामुळं कंपनीनं काही तासांत सोडलेली दुरुस्ती त्या मशीनपर्यंत पोचणार कशी? मग कॉम्प्युटर खात्यातली माणसं पेन ड्राइव्ह घेऊन एकेका टेबलाशी गेली आणि दुसऱ्या चांगल्या मशीनमधली एसव्हीसीहोस्ट आणून जागेवर ठेवत बसली. ऑस्ट्रेलियात कोल्स या साखळीच्या काही दुकानांतली बिलाची मशीन बंद पडल्यानं दुकानं मिटावी लागली. एक्सपी सर्व्हिस पॅक ३ तेव्हा जगभर वापरात होतं, तरी कंपनीच्या चाचणीत नेमका तोच मेळ सुटला होता.

आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात राहिलेला दिवस शुक्रवार, १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं फाल्कन हे घरगुती अँटीव्हायरस नव्हे, मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर बसवायचा पहारा आहे, पण जात तीच. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्याची एक छोटी फाइल जगभर गेली. आतल्या प्रोग्रामकडून वीस रकान्यांची माहिती येत होती आणि नव्या नियमानं एकविसावा रकाना वाचायला घेतला. हे वाचन विंडोजच्या अगदी गाभ्यात चालू असल्यानं चूक पदरात घेऊन पुढं जायची सोयच नव्हती. मशीन थेट निळ्या पडद्यावर गेलं. अपडेट ७८ मिनिटांत मागं घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं तोवर ८५ लाख मशीन आडवी झाली होती. देशातल्या विमानतळांवर इंडिगोचे कर्मचारी पेननं बोर्डिंग पास लिहून देत होते, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. रिझर्व्ह बँकेनं मात्र त्याच दिवशी सांगितलं, की फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बँकाच आपल्याकडं थोड्या होत्या.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडरही सुटलेला नाही. १३ जानेवारी २०२३ ला त्याच्या एका नियमानं कंपन्यांमधल्या मशीनवरचे स्टार्ट मेनूतले आणि टास्कबारवरचे शॉर्टकट पुसून टाकले. प्रोग्राम जागेवर होते, त्यांच्याकडं जायच्या वाटा गेल्या होत्या. ज्यांनी विंडोज बनवलं त्यांचाच पहारेकरी चुकतो म्हटल्यावर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

हे का होतं तेही समजून घेऊ. अँटीव्हायरस दोन पद्धतीनं ओळख पटवतो. एक म्हणजे व्हायरसच्या खुणांची यादी, जी रोज, कधी कधी दिवसातून अनेकदा बदलते. दुसरी म्हणजे वागणूक: कोण दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत हात घालतंय, कोण सेटिंग बदलतंय, कोण गुपचूप नेटवर जातंय. आता गंमत अशी, की विंडोजच्या मूळ प्रक्रिया दिवसभर हेच उद्योग करतात. एसव्हीसीहोस्टच्या पोटात विंडोजच्या पुष्कळशा सेवा चालतात: अपडेट, नेटवर्क, आवाज, घड्याळ. टास्क मॅनेजरमध्ये तिच्या पन्नास-साठ प्रती दिसल्या तरी घाबरायचं कारण नाही. २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये पुरेशी रॅम असेल तर जवळजवळ प्रत्येक सेवेला वेगळी प्रत मिळते. एलसॅस पासवर्ड तपासते, विनलॉगऑन तुम्हाला आत घेते, स्पूलएसव्ही छपाई सांभाळते. व्हायरस लिहिणाऱ्यांनाही याच ठिकाणी लपायला आवडतं. त्यामुळं पहाऱ्याचा डोळा कायम यांच्यावर असतो आणि एखादा नियम जरा सैल लिहिला गेला की गळ्यात फास नेमका यांच्याच पडतो.

खोटं कोण बोलतंय, हे असं ओळखा

लाल चौकट आली आणि मशीन अजून चालू आहे, तर ते बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. फाइल उचलली गेली तरी तिची चालू प्रत बऱ्याचदा मेमरीत काम करत असते. एकदा बंद केलं की पुन्हा उठण्याची खात्री नाही. पेन ड्राइव्ह काढा, नेटची वायर काढा आणि मोबाइलनं त्या चौकटीचा फोटो घ्या. फोटोत तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: व्हायरसचं नाव, फाइलीचा पूर्ण पत्ता आणि वेळ. चौकट निघून गेली असेल तर हे सगळं अँटीव्हायरसच्या हिस्ट्रीत किंवा रिपोर्टमध्ये मिळतं. डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये प्रोटेक्शन हिस्ट्री पाहा. इव्हेंट व्ह्यूअर हाताळता येत असेल तर डिफेंडरच्या नोंदींत १११६ म्हणजे सापडलं आणि १११७ म्हणजे कारवाई केली.

आता शेजारच्या दुकानात फोन करा. हा सल्ला बाळबोध वाटेल, पण खोटा गजर ओळखायचा याच्याइतका खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही. गावात पाच-सात ठिकाणी एकाच कंपनीचा अँटीव्हायरस असतोच. आपल्या भागात पुण्याच्या क्विक हीलची मशीन बरीच आहेत. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात धाकटे बंधू संजय यांच्यासह हा उद्योग उभा केला, त्यामुळं आपलेपणाही आहे. तुमच्याकडं कोणताही असो, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनवर त्याच दिवशी तीच फाइल धरली गेली असेल तर चूक अपडेटची आहे असं बेलाशक समजा. एकच व्हायरस एकाच तासात बाजारपेठेतल्या चार दुकानांत, उत्तूरला आणि गडहिंग्लजलाही एकाच फाइलीत सापडणं अवघड. मोबाइलवर कंपनीचं सूचनापान पाहा. अशा चुका झाल्या की काही तासांत तिथं नोंद येते.

शेजाऱ्याकडं सगळं आलबेल असेल तर पुढं पाहायचं ते फाइलीचा पत्ता. खरी एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये राहते. ६४-बिट मशीनवर तिची ३२-बिट बहीण सिसवाऊ६४ मध्ये असते. एलसॅस आणि विनलॉगऑनही सिस्टिम३२ मध्येच. एक्सप्लोरर तेवढी वेगळी: ती थेट विंडोज फोल्डरात असते, आणि सिस्टिम३२ मध्ये एक्सप्लोरर दिसली तर शंका घ्या. पत्ता टेंप, डाउनलोड्स किंवा ॲपडेटा असा असेल तर तो तोतया आहे, अँटीव्हायरसचं बरोबर आहे. स्पेलिंगही अक्षर-अक्षर लावून वाचा. ओच्या जागी शून्य, व्ही आणि सीची अदलाबदल, शेवटी एक जास्तीचा एस. तोतये याच जोरावर जगतात.

पत्ताही बरोबर निघाला तर सही तपासा. फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथं मायक्रोसॉफ्टचं नाव आणि सही ठीक असल्याचा शेरा हवा. हा टॅबच दिसला नाही तर लगेच घाबरू नका. विंडोजच्या कितीतरी अस्सल फाइलींची सही फाइलीत नसून वेगळ्या यादीत ठेवलेली असते. पॉवरशेलमध्ये गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर ही आज्ञा आणि पुढं फाइलीचा पत्ता दिला की ती यादीही तपासली जाते. उत्तर ‘व्हॅलिड’ आलं पाहिजे. फाइल जागेवर असेल तर व्हायरसटोटल या गुगलच्या मालकीच्या साइटवर ती चढवून सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसचं मत एकदम घेता येतं. एकट्या तुमच्याच कंपनीचं बोट वर असेल तर गजर खोटा असण्याचा संभव फार. मात्र तिथं दिलेली फाइल इतर संशोधकांनाही पाहता येते. म्हणून विंडोजची फाइल खुशाल द्या, गिऱ्हाइकाचं आधार किंवा दाखला असलेली फाइल कधीच नको.

एक तिसरी शक्यता राहते आणि ती सर्वांत वाईट. फाइल अस्सल आहे, पत्ता बरोबर आहे, पण आत रोग शिरलाय. सॅलिटी, रॅम्निट यांसारखे व्हायरस धडधाकट प्रोग्रामला चिकटतात. झेरॉक्सच्या दुकानांत दिवसभर पन्नास पेन ड्राइव्ह लागतात, तिथं हे आजही होतं. ओळख अशी: एक फाइल नाही, एकामागोमाग डझनभर प्रोग्राम पकडले जातात आणि सह्या मोडलेल्या निघतात. इथं अँटीव्हायरस निर्दोष आहे. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र फुकट सफाईची साधनं देतं, ती वापरा. पण रोग फार पसरला असेल तर डेटा बाजूला काढून नवं विंडोज घालणं हेच शहाणपणाचं. फॉरमॅटचा मान इथं आहे.

क्रॅक विंडोज असेल तर

हे थोडं कडू आहे, पण लिहिलंच पाहिजे. ‘आमचा अँटीव्हायरस विंडोजलाच अडवतोय’ अशी जी ओरड होते, तिच्यातली बरीच प्रकरणं चोरीच्या विंडोजची असतात. केएमएस नावाचं ॲक्टिव्हेटर मारलेलं असतं. ते मूळ परवाना-तपासणीत ढवळाढवळ करतं, आणि अँटीव्हायरस त्याला हॅकटूल म्हणून धरतो. त्यात काही खोटं नाही. दुकानात एका मशीनवर दोघांना टॅली चालवता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपची फाइल बदलणारा जुगाडही असाच पकडला जातो. असं मशीन ‘दुरुस्त’ करताना पोरं काय करतात, तर ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अख्खा सी ड्राइव्ह अँटीव्हायरसच्या अपवादांत टाकतात. मग अँटीव्हायरसचे पैसे भरायचे तरी कशाला? लोकांचे आधार क्रमांक आणि अंगठे ज्या मशीनवरून जातात, तिथं क्रॅक विंडोज ठेवणं ही काटकसर नाही, बेपर्वाई आहे.

चूक अँटीव्हायरसची ठरली, आता

आता क्रम महत्त्वाचा. फाइल क्वारंटाइनमधून आधी बाहेर काढली आणि अपडेट नंतर घेतली, तर मधल्या क्षणात ती पुन्हा धरली जाते. म्हणून नेट जोडा, अँटीव्हायरसची ताजी यादी घ्या. एव्हाना कंपनीनं चूक सुधारलेली असेल. मगच क्वारंटाइन उघडून रिस्टोअर करा. डिफेंडरमध्ये हेच प्रोटेक्शन हिस्ट्रीतून होतं. सुधारलेली यादी आलेली नसेल तर नेट तोडून पहारा काही मिनिटांपुरता थांबवा, फाइल परत आणा, त्या एकाच फाइलीचा पूर्ण पत्ता अपवादांत टाका आणि पहारा लगेच चालू करा. अख्खं विंडोज फोल्डर, सिस्टिम३२ किंवा अमुक एका प्रकारच्या सगळ्या फाइली अपवादांत टाकू नका. कंपनीची दुरुस्ती आली की तो अपवादही काढून टाका. हे हटकून विसरलं जातं.

फाइल क्वारंटाइनमध्ये नाही, थेट डिलीटच झाली आहे, तर विंडोजकडून नवी घ्यायची. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि दोन आज्ञा या क्रमानं द्या. पहिली डिझमची: डिझम, मग ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ, या तिन्ही शब्दांआधी जागा सोडून तिरकी रेघ. ही विंडोजचं आतलं कोठार ठीकठाक करते आणि त्यासाठी नेट लागतं. दुसरी एसएफसी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. ही कोठारातली चांगली फाइल बिघडलेल्या जागी बसवते. उलट क्रमानं केलं तर बिघडलेल्या कोठारातूनच फाइल घेतली जाण्याची भीती असते. एसएफसीनं शेवटी ‘सापडलं पण दुरुस्त करता आलं नाही’ असं म्हटलं तर पुन्हा एकदा दोन्ही चालवा. मधे लाईट गेली तर नसता घोळ होतो, म्हणून यूपीएसची बॅटरी दम धरते का हे आधी बघून घ्या. आजऱ्याच्या पावसाळ्यात तरी.

अँटीव्हायरसच काढायचा ठरला तर कंट्रोल पॅनेलमधून काढून भागत नाही. त्याचे ड्रायव्हर मागं राहतात आणि कधी कधी नेट कायमचं बंद पाडतात. जवळजवळ प्रत्येक कंपनी आपलं सॉफ्टवेअर मुळासकट उपटणारं साधन फुकट देते. ते दुसऱ्या मशीनवर उतरवून सेफ मोडमध्ये चालवा. त्यानंतरही नेट आलं नाही तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटश विनसॉक रिसेट ही आज्ञा देऊन मशीन रीस्टार्ट करा.

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस असतील तर वरचं सगळं वाया. दोघांनाही प्रत्येक उघडणारी फाइल आधी आपणच तपासायची असते, एकमेकांच्या यादीतल्या खुणा एकमेकांना व्हायरस वाटतात, आणि डिस्क दिवसभर शंभर टक्क्यांवर राहते. विकतचा अँटीव्हायरस नीट बसला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. लॅपटॉपसोबत आलेला मुदत संपलेला चाचणीचा अँटीव्हायरस मात्र तसाच बसून असतो; तो उपटून काढा. विकतचा घ्यायचाच का, हा वेगळा प्रश्न. माझं मत विचाराल तर साधारण दुकानाला अस्सल विंडोज, वेळेवर अपडेट आणि डिफेंडर एवढं पुरतं.

मशीन उठतच नसेल

निळा पडदा किंवा रीस्टार्टचं चक्र सुरू झालं असेल तर सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करा. पुढच्या खेपेला विंडोज दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग चारचं बटण, की सेफ मोड. नेट हवं असेल तर पाचचं. सेफ मोडमध्ये बहुतेक अँटीव्हायरस जागे होत नाहीत, त्यामुळं वरची दुरुस्ती तिथं करता येते. क्राउडस्ट्राइकच्या वेळी जगभर हेच करावं लागलं: सेफ मोडमध्ये जायचं, सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या आत कंपनीचं फोल्डर उघडायचं, २९१ क्रमांकाची फाइल पुसायची. एका मशीनला पंधरा मिनिटं, पण हजार मशीन असतील तर हजार वेळा.

सेफ मोडही मिळाला नाही तर त्याच पडद्यावर सिस्टिम रिस्टोअर आहे, मात्र तो आधीपासून चालू ठेवलेला असेल तरच कामाचा. आणि डेटा तेवढा वाचवायचा असेल तर एक युक्ती सांगतो, जी भल्याभल्यांना माहीत नसते. दुरुस्तीच्या पडद्यावरचा कमांड प्रॉम्प्ट उघडून नोटपॅड टाइप करा. नोटपॅड उघडतं. त्यात फाइल, ओपन केलं आणि खाली सगळ्या प्रकारच्या फाइली निवडल्या की पूर्ण डिस्क दिसते. टॅलीच्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी घ्या आणि पेन ड्राइव्हवर पेस्ट करा. तिथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी शोधलात तर ते डी किंवा ई म्हणून सापडेल. दुरुस्तीवाला येईपर्यंत एवढं केलंत तरी फॉरमॅटची धास्ती निम्म्यानं उतरते.

या सगळ्यात आडवी येते ती बिटलॉकरची किल्ली. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खातं दुकान सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर काढलेलं असतं!

सेवा केंद्रवाल्यांसाठी थोडं

तुमच्याकडं एक वेगळा प्रकार होतो, ज्यात विंडोज शाबूत असतं पण काम अडतं. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस मशीनच्या आतल्या आत, १२७.०.०.१ या पत्त्यावर, ११,१०० पासून ११,१२० पर्यंतच्या पोर्टवर बोलते. जीएसटीसाठी डिजिटल सही करणारं एमसाइनर १५८५ पोर्टवर बसतं. अँटीव्हायरसच्या फायरवॉलला हे घरातलं कुजबुजणं संशयास्पद वाटलं, तर साइट म्हणते ‘डिव्हाइस सापडलं नाही’ आणि तुम्ही वायर बदलत बसता. फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामला परवानगी द्या, अख्खी फायरवॉल बंद करू नका. मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचंही असंच. ही सॉफ्टवेअर कीबोर्डवरची प्रत्येक कळ मधेच पकडून देवनागरीत बदलतात, आणि कळा चोरणारे व्हायरसही हेच करत असल्यानं दोघांची गल्लत होते. शक्य असेल तर विंडोजमधलाच मराठी युनिकोड कीबोर्ड वापरा. कटकट कायमची मिटते.

आणि लाल पडदा ब्राउझरमध्येच उघडला, मोठ्यानं भोंगा वाजू लागला, ‘विंडोज अडवलं आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर तो अँटीव्हायरसही नाही आणि व्हायरसही नाही, तो शुद्ध ठग आहे. खरी चौकट कधी फोन नंबर देत नाही. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. फोन करून पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० ला कळवा.

विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुन्या विंडोजवर नव्या अपडेटची चाचणी कंपन्या दिवसेंदिवस कमी करतात. एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वर काय झालं ते वर आलंच आहे. ज्यांच्याकडं तीन-चार मशीन आहेत त्यांनी सगळ्यांवर एकच अँटीव्हायरस ठेवला तरी विंडोजच्या मोठ्या अपडेट आधी एकाच मशीनवर घ्याव्यात आणि दोन दिवस थांबून बाकीच्यांवर. व्हायरसची यादी मात्र लांबवू नका.

खोटा गजर सापडला तर कंपनीला जरूर कळवा. प्रत्येक कंपनीच्या साइटवर त्यासाठी अर्ज असतो, आणि तुमच्या एका तक्रारीनं बाकीच्यांच्या फाइली वाचतात. सिस्टिम रिस्टोअर चालू करा, टॅलीचा बॅकअप मशीनबाहेर ठेवा, आणि बिटलॉकरची ती ४८ आकडी किल्ली आज दुकान बंद करायच्या आधी कागदावर उतरवून गल्ल्याजवळ नको, घरी कपाटात ठेवा.